अकरा एप्रिलपासून

मीनाने कोडची एक ओळ लिहिली आणि हात कळफलकावरून उचलला. पडद्याच्या उजव्या बाजूला आलेखाची निळी रेघ उमटली. फेब्रुवारीपासून मेपर्यंत, कुठेही न तुटता.

"न तुटता कशी?" ती पुटपुटली.

जव्हारच्या त्या संगणक वर्गात दुपारी दोघीच होत्या. मीना मुलींना कोडिंग शिकवायची आणि वर्ग चालवणाऱ्या उज्ज्वलाताई कागदपत्रं बघायच्या. शिकवायला प्लेग्राउंड हे सॉफ्टवेअर बरं पडे. डावीकडे कोड लिहायचा, उजवीकडे लगेच चित्र. आलेख काढायला मीनाने कुणा अनोळखी माणसाचं फ्रेमवर्क, म्हणजे आयता लिहिलेला कोड, त्यात आणलं होतं. आयत्या बिळावर नागोबा व्हायचं ते असं. फक्त बिळात आणखी काय आहे ते नागोबाला ठाऊक नसतं.

आकडे सूर्यमाळजवळच्या तिच्या पाड्यावरच्या विहिरीचे होते. टँकरच्या अर्जाला ते जोडायचे होते आणि अर्जाची उद्या शेवटची तारीख होती. रोज सकाळी तिची आई, रामी, हात-हातावर गाठ मारलेली दोरी दगड बांधून विहिरीत सोडायची, किती भिजली ते फोनवर सांगायची आणि मग विचारायची, "जेवलीस?" एकोणीस एप्रिलला आई विहिरीत पडून गेली. त्यानंतरचे बारा दिवस मीनाने कोरे ठेवले होते.

रेघ त्या बारा दिवसांवरूनही गेली होती. मीनाने माउसचा बाण एकोणीस एप्रिलवर नेला. चौकट उघडली: एक हात एकवीस बोटं. हा आकडा तिने लिहिला नव्हता. तिने कोडमध्ये एक जागा वाढवून पाहिली. चित्र पुसलं गेलं, पुन्हा उमटलं, एकोणीसला पुन्हा तोच आकडा. कुणीतरी आजही पहाटे विहिरीवर जाऊन येत असावं, तसा. मीनाला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त, तो आकडा आईने सांगितलेला असावा असं वाटलं.

उज्ज्वलाताई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"एप्रिलअखेर पाणी वाढतंय की गं. हे बघून तालुक्यातून टँकर कोण देईल?"

"दिवस होईपर्यंत कुणी विहिरीतलं पाणी शेंदलं नाही, ताई. लांबच्या झऱ्यावर जायचे सगळे. म्हणून साठलं."

"कसले दिवस?"

"आईचे. ती त्याच विहिरीत गेली."

उज्ज्वलाताई शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

मीनाने फ्रेमवर्कची माहिती वाचली. रिकाम्या जागा ते आपणहून भरतं, नको असेल तर तसं सांगावं लागतं. तिने तसं सांगितलं. रेघ तुटली आणि बारा दिवस पांढरे झाले.

"आई गेली त्याच्या आदल्या दिवसाचा आकडा तरी पक्का आहे ना?" ताईंनी हळूच विचारलं.

तो प्रश्न मीनाने महिनाभर कुणाला केला नव्हता. आई मोजायला वाकली आणि गेली, असं तिने मनाशी धरलं होतं. आपण जव्हारात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या आणि आईला गमावलं. मे महिन्यात पाड्यावरची गोजाबाईकाकी मोजायला लागली तेव्हाही तिने नवी दोरी नेऊन दिली, जुनीचं काय झालं ते विचारलं नाही. आता तिने काकीला फोन लावला.

"काकी, आई गेली त्याच्या आदल्या दिवशी किती मोजलं होतं?"

"कशानं मोजल, बाय? तो दोर त आठ रोज आधीच बादलीला जोडलावता. बादलीचा दोर पोचतच नव्हता."

"पण ती मला रोज आकडे सांगायची."

"ती त वरून बघून सांगं. म्हनं, पोरीचा काम नको अडाया."

मीनाने वही उघडली. अकरा एप्रिलपासून रोज बरोबर दोन बोटं कमी. आकडे किती नीट येतात म्हणून तिने मुलींना कौतुकाने दाखवले होते.

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी जोडलेला दोरबी कमी पडला. हंडा घेऊन आत उतरली." मग तिनेच विचारलं, "तू जेवलीस का?"

"हो," मीना म्हणाली. जेवली नव्हती.

आई मोजायला नव्हती गेली, पाण्याला गेली होती. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिने आठ आकडे खोडायला घेतले. सात खोडले. आठव्याशी, आईच्या शेवटच्या आकड्याशी, हात अडला.

"तेवढा राहू दे," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "एका आकड्याने काय होतंय?"

"हा विहिरीचा नाही, ताई. मला सांगितलेला आहे."

तिने तो वहीच्या मागच्या पानावर उतरवला आणि पडद्यावरून पुसला. पांढरे दिवस वीस झाले. ताईंनी अर्ज पुढे ओढून पेन उघडलं.

"नोंद नसण्याचं कारण?"

"अकरा एप्रिल, बादलीची दोरी कमी पडली म्हणून मोजायची दोरी तिला जोडली. एकोणीस एप्रिल, जोडलेली दोरीही कमी पडली."

ताईंनी लिहून घेतलं. खालच्या रकान्यात नोंद घेणाऱ्याचं नाव मागितलं होतं. मीनाने पेन आपल्या हातात घेतलं आणि तिथे आईचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे सहीची जागा होती, ती तिने कोरी ठेवली.