एक काना

सूनबाईच्या नाटकावर मोर्चा आला आणि सासूबाईंचं पोट दुखलं, पण ते वेगळ्याच कारणानं. हीच भूमिका त्यांनी उभी हयात केली होती. लोक रडले, शाली मिळाल्या, पण विरोध करायला कधी काळं कुत्रं फिरकलं नव्हतं. आणि या कालच्या पोरीसाठी नाट्यगृहाबाहेर ही एवढी गर्दी.

देवस्थानचे विश्वस्त रंगपटात येऊन बसले होते. त्यांना खटकत होतं एकच वाक्य. देवळाबाहेर अडवलेली बाई पुजाऱ्याला म्हणते, "दार उघड."

"पुजाऱ्याला अरेतुरे?" विश्वस्त म्हणाले. "तुमच्या सासूबाई 'उघडा' म्हणायच्या, हात जोडून. एका कान्याचा तर प्रश्न आहे."

"लेखकानं 'उघड'च लिहिलंय," सूनबाई म्हणाली. "आई, तुम्ही हा काना आणलात कुठून?"

आणला होता पदरचाच. वाचता धड येत नव्हतं, सगळं ऐकून पाठ केलेलं. त्यात पुजाऱ्याला एकेरी बोलायला जीभच वळेना. मग त्याच कान्यावर त्यांनी टाळ्या घेतल्या.

"आदब म्हणतात त्याला," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या कॉलेजात नसेल शिकवली."

"मग आज यांनाच उभं करा," विश्वस्त हसले. "यांची आम्हाला काही भीती नाही."

नाटक कंपनी लेकाची. त्यानं आईकडे पाहिलं, तर तिनं खुंटीवरचं लुगडं केव्हाच ओढलं होतं. सूनबाई पिना लावायला बसली.

"आई, पोट जरा आत घ्या."

"तुझं सुटेल तेव्हा विचारीन."

पडदा वर गेला. देवळाच्या दारापाशी येऊन सासूबाईंनी हात जोडले. पहिल्या रांगेत विश्वस्त मान डोलवायच्या तयारीत, डोळे मिटून बसलेले. यांची भीती नाही. ते बोलणं माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं होतं. त्या चिमुरडीला घाबरता, आणि मी काय शाल घालायचा खांब?

जोडलेले हात सुटले.

"दार उघड."

विश्वस्तांचे डोळे उघडले. मग मागच्या रांगेतून एक चप्पल आली आणि पुजारी झालेल्या नटाच्या पायाशी पडली.

"आई, आत या," विंगेतून सूनबाई कुजबुजली. "माझ्यावरसुद्धा अजून कुणी चप्पल फेकली नव्हती."

सासूबाई हलल्या नाहीत. पाहणाऱ्याचा गैरसमज नको म्हणून त्यांनी पायाच्या अंगठ्यानं ती चप्पल हळूच आपल्याकडे ओढून घेतली.