एका घोंगडीतली शिकार

हरीशला बंदूक कुठल्या खांद्याला लावतात हेही ठाऊक नव्हतं, तरी तो स्वतःला शिकारी म्हणवून घ्यायचा. त्याची शिकार आवाजांची. आठवडाभर दवाखान्यात लोकांचे एक्स-रे काढायचे आणि सुट्टीच्या शुक्रवारी माइक नि रेकॉर्डर घेऊन वाळवंटात पाखरांसाठी दबा धरून बसायचं, हा त्याचा सात वर्षांचा नाद. कुवेतमधले बरेचसे पक्षी त्याच्या रेकॉर्डरमध्ये जाऊन बसले होते. पावसात गाणारा चंडोल मात्र हाती लागत नव्हता. इथं पाऊस पडणार वर्षातून बोटांवर मोजण्याइतके दिवस, त्यातला एक नेमका शुक्रवारी यायला हवा, आणि वर चंडोलाची मर्जी.

त्याच्या बायकोला, प्रेमाला, हे खूळ वाटे. पण आपल्याला एकदा तरी सोबत न्यावं असं तिला मनातून वाटे, हेही खरं. हरीश न्यायचा तो रियाजला. रियाज रत्नागिरीचा, हवल्लीत त्याचं दुकान होतं, आणि तासन् तास न बोलता बसायची त्याची ख्याती होती. "तुला पाच मिनिटं गप बसवत नाही," हरीश प्रेमाला म्हणायचा. यात खोटं काही नव्हतं. ड्यूटीवरून आल्यावर प्रेमाचं बोलणं लिफ्टमध्येच सुरू होई आणि दार उघडेपर्यंत अर्धी हकिकत संपलेली असे.

यंदा मात्र गोष्ट अडली. रियाज दुकान विकून कायमचा गावी गेला. आणि हरीशच्या हृदयाची झडप चौदा महिन्यांपूर्वी बदललेली, धातूची बसवलेली; तेव्हापासून माइक बाहेर निघालाच नव्हता. वाळवंटात एकट्यानं जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जानेवारीतल्या एका गुरुवारी मोबाइलवर उद्याचा पाऊस दिसला आणि मंगफमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये हरीश सुतकात बसल्यासारखा बसला.

"मी येते की," प्रेमा म्हणाली.

"तू? तिथं एक शब्द चालत नाही."

"नाही बोलणार."

"बोललीस तर तिथून माघारी. मग हा माइक मी विकून टाकतो. पुन्हा शिकारीचं नाव नाही."

तो हे रागानं नाही, थकून बोलला, म्हणून प्रेमाला लागलं. ऑपरेशननंतर या माणसाला एवढा एकच हुरूप उरला होता, आणि तो आता तिच्या जिभेवर येऊन टेकला होता. तिनं मनातल्या मनात तुळजाभवानीला हात जोडले.

तयारीला लागल्यावर पहिला अडसर रेनकोटचा. तिनं तो घालून हॉलमध्ये चार पावलं टाकली तर भेळेचा कागद चुरगळल्यासारखा आवाज. छत्रीवर पाऊस ताशा वाजवतो, गाडीच्या टपावर तर ढोलच. शेवटी हरीशनं कपाटावरून त्याच्या वडिलांची घोंगडी काढली. बावीस वर्षांपूर्वी धाराशिवहून आलेली, डांबरगोळ्यांच्या वासात झोपलेली. "पाऊस हिच्यात जिरतो, पण वाजत नाही," तो म्हणाला. "आण्णा हिची खोळ घेऊन दिवसभर रानात बसायचे."

चिवड्याची कुरकुर नको म्हणून तिनं धपाटे बांधले. मग अडलं बांगड्यांपाशी. दवाखान्यात नर्सच्या हातात बांगडी चालत नाही. सहा दिवस प्रेमाचे हात मोकळे, आणि शुक्रवार उजाडला की डझनभर हिरव्या बांगड्या. "काढ त्या," हरीश म्हणाला.

"आठवड्यातून एक दिवस घालते, तोही काढू? मुळीच नाही." तिनं ड्यूटीच्या पिशवीतून क्रेप बँडेज काढलं आणि दोन्ही मनगटांवर बांगड्यांसकट असं गुंडाळलं की आतून चुकूनही किणकिण येऊ नये. हरीश हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

सकाळी शहर मागं पडलं, थंडीत सहलीला आलेल्यांच्या तंबूंच्या रांगा मागं पडल्या. गाडी लांब उभी करून दोघं एका खुरट्या झुडपापाशी बसली, एका घोंगडीची एक खोळ डोक्यावरून घेऊन. त्याच्या गुडघ्यावर माइक, कानांवर हेडफोन. समोर ओली, तांबूस माती. रिमझिम सुरू झाली आणि घोंगडीनं ती निमूटपणे पिऊन टाकली. लोकरीचा वास सुटला. सासऱ्यांची आठवण येऊन प्रेमाच्या ओठांवर पूर्ण एक किस्सा आला. तिनं तो धपाट्याच्या घासासारखा गिळला.

पाऊण तास गेला. तिच्या पायाला मुंग्या आल्या, नाक खाजलं, पण शब्द निघाला नाही. आणि मग समोरच्या ढेकळावर एक मातकट, शेंडीवाला जीव येऊन बसला. त्यानं पिसं झटकली आणि गायला लागला. पावसात, भिजत. प्रेमानं चंडोल लहानपणी माहेरच्या शेतात ऐकला होता, पण ऐकणं म्हणजे काय, हे तिला आत्ता कळलं. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात हरीशनं तिच्याकडं डोळे वटारले.

त्यानं हेडफोनकडं बोट दाखवलं, मग तिच्या मनगटांकडं, आणि बोटानं हवेत टिक-टिक केलं. प्रेमानं बँडेज दाखवलं: बघा, घट्ट आहे. त्यानं मान हलवली. तिनं पिशवीतलं घड्याळ काढून बुडाखाली दाबलं. त्याचा चेहरा तसाच. तिनं मोबाइल काढून दाखवला, बंद होता. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं जोरात म्हणायची तिला उबळ आली. ती हेडफोनचा एक कान ओढून ऐकायला वाकली आणि थबकली.

चंडोलाच्या गाण्याखाली, बारीक आणि नेमकी, टिक, टिक, टिक.

हा आवाज तिनं लाखांत ओळखला असता. तिनं हळूच हात उचलला आणि हरीशच्या छातीवर ठेवला.

त्याला कळायला दोन क्षण लागले. त्या झडपेची टिकटिक त्याच्या कानांना कधीच सवयीची झाली होती, घरातलं घड्याळ ऐकू येत नाही तशी. त्याचा चेहरा उतरला. प्रेमाच्या जिभेवर शंभर शब्द गोळा झाले, पण चंडोल अजून गात होता. तिनं हात तसाच ठेवला आणि ओठ मिटून बसली. पाखरू मनासारखं गायलं, उडालं, आणि पाऊसही ओसरला.

हरीशनं हेडफोन काढला. "संपलं," तो म्हणाला. "मी जिथं बसेन तिथं ही टिकटिक येणार. शिकाऱ्याच्याच गळ्यात घंटा. पुसून टाकतो हे."

"खबरदार!" प्रेमा म्हणाली. तासाभराचं साठलेलं बोलणं बाहेर पडलं. "ऑपरेशन होऊन घरी आलात त्या दिवसापासून रोज रात्री मी हेच ऐकायलेय. तुमचा डोळा लागला की एसी बंद करते. मग कूस बदलत नाही, श्वाससुद्धा जपून घेते. टिकटिक कानावर आली की मगच झोपते. चौदा महिने झाले. आणि म्हणे मला गप बसवत नाही."

हरीशनं रेकॉर्डरवरचा हात बाजूला घेतला. "मला कधी सांगितलं नाहीस."

"आयुष्यात एवढी एकच गोष्ट बोलले नाही मी." तिनं नाक पुसलं. "पुढच्या पावसाला वीस हात वायर आणू. माइक तिकडं, आपण इकडं. पण हे पुसायचं नाही. माझ्या मोबाइलवर द्या. रात्रपाळीला असले की मला घरची टिकटिक ऐकू येत नाही."

हरीशनं हेडफोन तिच्या कानांवर चढवला, घोंगडीची खोळ सारखी केली आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं. मग त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं असावं, तो बोलायला लागला.

प्रेमानं बँडेज बांधलेला हात वर करून त्याच्या ओठांवर बोट ठेवलं.