राहीबाईचा कोरा दंड

उंब्रजची राहीबाई सुईण मोठी खमकी. गावात पोर जन्माला यायचं ते तिच्या हुकमानं, आणि देवी डॉक्टर चिंतामण अण्णा देवीची लस टोचायला आले की बायकांना चावडीवर हाकून आणायचं कामही तिचंच. टोचल्याबरोबर लस पुसून टाकणाऱ्या आयांना ती चारचौघांत फैलावर घ्यायची.

त्रेचाळीस सालच्या चैत्रात अण्णांनी टोचायला पहिला दंड तिचाच मागितला. "राहीबाई, तुम्ही घरोघर बाळंतपणं करता. तुम्हालाच देवी आल्या तर गावभर पोचवाल." तिनं मुकाट्यानं टोचून घेतलं, आणि चावडीमागं जाऊन चिमूटभर राखेनं लस पुसून टाकली. मनुबाईच्या सुनेचे दिवस भरले होते. दंड सुजला तर तिला मोकळी कोण करणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

लस लागली की दंडावर फोड येतो; आठव्या दिवशी अण्णा तो बघायला आले. चाळीस दंडांपैकी निम्म्याहून जास्त कोरे. राहीबाईचाही कोराच. अण्णांचा चेहरा उतरला. "उन्हानं लस नासली. उरलेल्या नळ्याही फेकतो. साताऱ्याहून नवी यायला महिना लागेल."

कृष्णेपलीकडच्या वस्तीत देवी आल्या होत्या, आणि तिथली माणसं रोज इकडं येत-जात होती. अण्णांनी नळ्या फेकायला पेटी उघडली. बोलावं तर राहीबाईचा इतक्या वर्षांचा दरारा मातीत जाणार. न बोलावं तर तिनं स्वतःच्या हातांनी झेललेली पोरं महिनाभर लसीविना उघडी. तिला स्वतःची लाज वाटली.

"आवं अण्णा, लस नासली न्हाई, नळ्या फेकू नगा. माज्या दंडावरची म्याच पुसली."

 मनुबाई फिसकन हसली. "आन् आमास्नी शिव्या घालत हुतीस व्हय गं?"

"व्हय. चुकलं माजं. दंड सुजंल म्हून भ्याले म्या. अण्णा, पुन्यांदा टोचा. वाळंस्तवर हितनं हलायची न्हाई."

टोचून घेऊन ती सगळ्यांसमोर पायरीवर उघडा दंड पुढं करून बसली. मनुबाईचं हसू विरलं. दोन वर्षांच्या नातवाचा दंड तिनं मघापासून पदराखाली धरला होता. तो तिनं हळूच बाहेर काढला.

"ह्येचीबी म्याच पुसली, अण्णा. लिंबाच्या पाल्यानं."

मागून आणखी एक बाई पोराला घेऊन उठली, मग तिसरी. अण्णांनी नवी नळी फोडली. राहीबाईनं सरकून मनुबाईला पायरीवर जागा करून दिली.