सवतीचा टाक

मी एक जुना चांदीचा टाक आहे. शाईत बुडवायचा टाक नव्हे, मित्रांनो. मी गळ्यात घालायचा, करंगळीच्या नखाहून जरासा मोठा पत्रा, त्यावर एका बाईची आकृती ठोकलेली. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीच्या नावाने असा टाक बांधायची आमच्या खानदेशात रीत होती. सोनाराने मला दोन डोळे दिले, नाक दिलं, तोंडही दिलं. बोलता यायची सोय मात्र केली नाही, आणि त्याचा राग मला आजतागायत आहे.

रुपचंद नावाच्या शेतकऱ्याची बायको इंदिराबाई तापाने गेली, तेव्हा माझा जन्म झाला. तिचा भाऊ सुकदेव तिच्या पायातली तोरडी घेऊन सोनाराकडे आला होता. कडेवर तिची लहान मुलगी होती. "ही आमनी भिकीनी तोरडी," असं म्हणून तो पेढीवरच ढसाढसा रडला. त्या चांदीचा मी झालो. भिकी हे इंदिराबाईचं माहेरचं नाव. मी जन्मतःच ऐकलेला पहिला शब्द तोच.

सुकदेव भाचीला घेऊन गेला. पुढे मुलगी कोणी सांभाळायची यावरून दोघा मेव्हण्यांचं असं बिनसलं, की रुपचंदने त्या घराचं नाव टाकलं. त्याची दुसरी बायको कमलबाई. मला तिच्या गळ्यात बांधलं, आणि बाईने मला जिवापाड जपलं. नवं लुगडं आलं की आधी माझ्यावर ठेवायची, मग नेसायची. सणाचा पहिला घास मला. दिवाळीला चिंच आणि राख लावून मला लख्ख घासायची. तो शेवटचा लाड मला नको होता, पण सांगणार कोण?

रुपचंद गेला तेव्हा कमलबाईचा मुलगा भटू जळगावात नोकरीला लागून पिंप्राळ्यात घर करून राहिला होता. आई त्याच्याकडे आली. ते साल मला आठवतं, कारण शेजारच्या टीव्हीवर दर रविवारी सकाळी रामायण चालायचं. एकदा कमलबाई त्याला म्हणाली, "भटू, तुले एक मोठी बहीन शे. सावत्र. मन्हा आता भरोसा नही. हाऊ टाक मन्हासंगे जावाले नको, तिन्हा हातमा पडाले पाहिजे."

भटू थक्क झाला. इतकी वर्षं घरात बहिणीचा 'ब' निघाला नव्हता. "तिचं नाव काय? मामाचं काय?" आईला काहीच ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं फक्त सवतीचं नाव, इंदिराबाई, आणि नरडाण्याजवळचं तिचं माहेरगाव.

मग सुरू झाली आम्हा तिघांची वणवण. सुरत पॅसेंजरने नरडाणा, तिथून टांग्याने किंवा पायी गाव. भटू पारावर जाऊन विचारायचा, "इथली इंदिराबाई कोणाची मुलगी?" आणि पारावरची म्हातारी माणसं मान हलवायची. "इंदिराबाई? आठे त्या नावनी कोनी व्हती नही, भाऊ."

अरे, भिकी म्हणा! मी कमलबाईच्या गळ्यात तळमळायचो. सासरी ठेवलेलं नाव माहेरी विचारून कसं चालेल? पण माझं ऐकतो कोण! एकदा तर भटू एका घराच्या ओट्यावर पाणी प्याला, आणि ते सुकदेवच्या सख्ख्या चुलत्याचं घर होतं, हे मागाहून कळलं. नावच चुकीचं, तर माणूस सापडणार कुठून? काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यात लोकांचा संशय वेगळाच. बाप गेल्यावर जमीन मुलांच्या नावावर करायची, तर बहिणींची हक्क सोडल्याची सही लागते. एक जण तोंडावर म्हणाला, "सही पाहिजे व्हई! नही तं सावत्र बहीन कोन धुंडस?" भटूचं तोंड उतरलं. वंशावळी लिहिणाऱ्या भाटालाही विचारून झालं, पण त्याच्या पोथीत पिढ्यान् पिढ्या पुरुषच पुरुष. मुली जणू त्या घरात जन्मल्याच नव्हत्या. असा संताप यायचा म्हणून सांगू!

पुढच्या भाऊबीजेला कमलबाईचा म्हातारा भाऊ झुलाल बऱ्याच वर्षांनी भेटायला पिंप्राळ्याला आला. पाटावर बसता बसता म्हणाला, "बेबे, आधी पानी दे वं."

भटू हसला. "मामा, आईला बेबी काय म्हणता? तिचं नाव कमल."

"कमल तं तुन्हा बापनी ठेवं, लगीनमा. आमनी ती बेबीच शे."

भटूच्या हातातला फराळाचा बशीभर चिवडा तसाच राहिला. त्याने आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे. स्वतःचं नाव मांडवात बदललेलं, आणि सवतीचंही बदललं असेल हे त्या बाईच्या डोक्यात आलं नव्हतं! मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण सोनाराने हातही दिले नव्हते.

आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, आणि या खेपेला भटूने नाव विचारलंच नाही. तो बायकांकडे गेला आणि हकिगत सांगितली. कुंदाबाई नावाची म्हातारी कापूस वेचून परतत होती, ती थबकली. "लहान आंडेर सोडीसन मरी गयी ती? ती तं आमनी भिकी! सुकदेवनी बहीन! भिकीनी आंडेर धुयाले दिधेल शे. तठे तिले लताबाई म्हंतस." आंडेर म्हणजे आमच्याकडे लेक.

धुळ्याला दार उघडलं ते केस पिकायला लागलेल्या एका बाईने. कमलबाईने आपण कोण ते सांगितलं. लताबाईने दोघांना नीट पाहिलं. आत या म्हणाली नाही. "कागद आना," ती म्हणाली. "कोठे सही करू सांगा. माले बापनं काहीच नको."

तेव्हा कमलबाईने मला गळ्यातून काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या, लताबाईच्या, तळहातावर ठेवलं. "कागद नही, बेटी. तुन्ही माय शे."

लताबाई मला उजेडात धरून निरखत राहिली. मग हळूच म्हणाली, "तोंड कोठे शे? कशी दिसे मन्ही माय?"

मित्रांनो, इतक्या वर्षांच्या घासण्याने माझे डोळे, नाक, तोंड सगळं झिजून गेलं होतं. आणि खरं सांगू? ते असतं तरी तिच्या आईचं नव्हतंच. सोनाराकडे सगळ्या टाकांना एकच साचा.

"मी बी तिले देखं नही," कमलबाई म्हणाली. "पन तिले दखाडाबिगर एक बी लुगडं नेसनू नही. आमना घरमा तिन्हं नाव इंदिरा व्हतं."

"इंदिरा," लताबाई म्हणाली. तिला ते नाव ठाऊकच नव्हतं. मग दोघी उंबऱ्यावरच खाली बसल्या आणि लताबाई सावत्र आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

आता मी तिच्या देवघरात असतो. मला तिथे कोणी घासत नाही, पण उशीर झालाच. तुमच्या घरात आजी असेल, आत्या असेल. लग्नाआधी तिला काय हाक मारत, ते आज विचारा. भिकी हे नाव मला चाळीस वर्षं ठाऊक होतं आणि सांगता आलं नाही. तुम्हाला तर चांगलं बोलता येतं.