डावीकडून आलेली मुलं

मित्रांनो, मी घोडी आहे. वयाने म्हातारी, डाव्या डोळ्याने आंधळी आणि स्वभावाने जराशी तिरसट. लाडाने मान खाजवलेली मला आवडते, पण अन्याय बघून गप्प बसणं जमत नाही. बोलता येत नाही, हीच काय ती पंचाईत.

तरुणपणी मी दुधाची गाडी ओढायचे. दूधवाला चारचौघांत माझं कौतुक करायचा. एकदा कुंपणाची तार तुटून डोळ्यात घुसली. डोळा गेला आणि पाठोपाठ कौतुकही गेलं. त्याने मला विकलं, ती मी थेट जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात आले. प्रवेशाच्या परीक्षेत मुलांनी माझ्याजवळ यायचं आणि जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजायची. मी बुजले की मुलगा नापास.

घोड्याजवळ डावीकडून जावं, असं पुस्तकात असतं. मला तर तिकडचं दिसतच नाही. अचानक हात लागला की मी उडते. म्हणून माझी देखभाल करणारा मोतद्दार प्रत्येकाच्या कानात सांगायचा, "हिचा डावा डोळा गेलाय. उजवीकडून जा."

मग नवे परीक्षक आले. परीक्षेच्या सकाळी ते मोतद्दाराला म्हणाले, "ती चर्चला जाणारी पोरं आहेत ना, त्यांना डोळ्याचं सांगू नकोस. त्यांची त्यांना आहेत कॉलेजं. इथे कशाला गर्दी?" मोतद्दाराने नोकरीच्या भीतीने तोंडात मिठाची गुळणी धरली. ती मुलं पुस्तकाप्रमाणे डावीकडून आली, मी बिथरले आणि ती घरी गेली. अभ्यास केला म्हणून नापास झालेली मुलं मी तेव्हा पाहिली. मला फार राग आला.

पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाची धाकटी बहीण आली. तिलाही कुणी काही सांगितलं नाही. ती मात्र लांबूनच माझ्याशी बोलत, वळसा घालून उजवीकडे आली. तिने अलगद नाडी मोजली. मी कानही हलवला नाही.

"नापास," परीक्षक म्हणाले. "घोड्याजवळ डावीकडून जातात, एवढंही माहीत नाही?"

"माहीत आहे, सर. पण हिचा तो डोळा आंधळा आहे. माझ्या दादाच्या ते लक्षात आलं होतं, नापास झाल्यावर. बाकीचे उजवीकडूनच जातात, म्हणजे त्यांना सांगितलंत. मग आम्हाला का नाही?"

"सगळ्यांना सांगितलंय. चला, पुढचा कोण?"

ती जागची हलली नाही. रांगेकडे वळून म्हणाली, "ज्यांना सांगितलं, त्यांनी हात वर करा."

 मग चष्मेवाल्या एका मुलीने हात वर केला. हळूहळू सगळेच हात वर गेले. खाली राहिले फक्त तिघांचे, तिच्याच चर्चमधल्या मुलांचे.

त्या वर्षी परीक्षा बघायला येऊन कोपऱ्यात बसलेल्या प्राचार्यबाई उठल्या. त्यांनी मोतद्दाराला विचारलं, "खरं का हे?"

"खरंय, बाई. साहेबांनीच नको म्हणून सांगितलं होतं. गेल्या वर्षीही."

बाईंनी परीक्षकांना बाहेर जायला सांगितलं. मुलगी पास झाली. तिघांनाही डोळ्याचं सांगून परीक्षा द्यायला लावली. पण मुलगी अजून तिथेच उभी.

"आता काय?"

"दादाची परीक्षा पुन्हा घ्या."

"अगं, त्याचं वर्ष गेलं आता."

"गेलं नाही, बाई. घालवलं. त्याची परीक्षा झाल्याशिवाय मी फी भरायला जाणार नाही."

बाईंनी परीक्षकांची यादी स्वतःकडे ओढली. मग म्हणाल्या, "बोलाव त्याला."

तो फाटकाबाहेरच थांबला होता. आत आला, उजवीकडून आला. त्याने लांबूनच आवाज दिला आणि मग नाडी मोजली. मी श्वास रोखून उभी राहिले. आज भाऊबहीण एकाच वर्गात शिकतात आणि माझे खूर कोण तपासणार यावरून भांडतात.

मित्रांनो, म्हाताऱ्या जनावराला जपा, जवळ येताना आधी आवाज द्या. आणि आणखी एक मागणं आहे. त्या दिवशी हात वर करणारी मुलं चांगलीच होती. पण त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते तिघे त्यांच्या शेजारीच उभे होते. तुमच्या शेजारच्याला कुणी मुद्दाम अंधारात ठेवलं असेल, तर विचारण्याची वाट बघू नका. तुम्हीच सांगा.