शुक्रवारचा चौथा तास

प्रश्नमंजूषेच्या स्पर्धेसाठी नववीला आठवड्यातून एक तास सराव द्या, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं, तेव्हा मी फुशारकीने हो म्हटलं. शाळेचं वेळापत्रक बावीस वर्षं माझ्याच हातात होतं. पुठ्ठ्याचा मोठा तक्ता, प्रत्येक शिक्षकाच्या वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या आणि टाचण्या. शुक्रवारचा शेवटचा, आठवा तास नववीवर माझाच होता, इतिहासाचा. तोच मी सरावाला देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी ‘तार’ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ही मुलगी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर दोन शब्दांत द्यायची, म्हणून वर्गाने तिचं नाव तार ठेवलं होतं. संघात ती पहिली असणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

“बाई, आठव्या तासाला मी नसेन.”

“का गं?”

“आई कामावर जाते. आजोबा अंथरुणावर आहेत. आजपासून मला सातव्यानंतर घरी जायची परवानगी मिळाली आहे.” मग तिच्या मानाने तिने भाषणच केलं. “चौथ्या तासाला आम्हाला चित्रकला असते. तुमचा चौथा मोकळा आहे, सरांचा आठवा. अदलाबदल केली तर?”

पोरीने तक्ता नीट वाचला होता. पण चित्रकलेच्या सरांशी माझा दोन वर्षं अबोला होता, एका कपाटावरून. त्यांच्या रंगांनी माझे नकाशे खराब केले, असं माझं म्हणणं. कपाट मुळात त्यांचंच, असं त्यांचं.

“वेळापत्रक तू करतेस की मी?”

“तुम्ही,” ती म्हणाली आणि गेली.

तिघांचा संघ तिच्याशिवाय झाला. पण दर शुक्रवारी सकाळी माझ्या टेबलावर तिने लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या असायच्या. प्रश्न पुढे, उत्तर मागे. सरावाला मी त्याच वापरायची. सोय झाली, असंच मला वाटायचं.

स्पर्धा आम्ही जिंकलो. अंतिम फेरीतले तीन प्रश्न तिच्या चिठ्ठ्यांतले होते. मैदानावर तिघांच्या हातात चषक दिला, तेव्हा ती रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

चित्रकलेचे सर निवृत्त झाले, त्या दिवशी चहाचा कप घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले.

“आता बोललात तरी चालेल, बाई. उद्यापासून कपाट तुमचंच.”

मला हसू आलं. मग ते म्हणाले, “ती तार आठवते? तुमच्या आधी ती माझ्याकडे आली होती. मी हो म्हटलं होतं तिला.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“मी कशाला येऊ? म्हटलं, गरज तुम्हाला आहे, याल. स्पर्धा होईपर्यंत दर शुक्रवारी चौथ्या तासाला दाराकडे बघायचो.” त्यांनी कप खाली ठेवला. “चुकलंच ते.”

तारेला शाळा सोडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. पुढे ती कुठे गेली, हे दोघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्या चिठ्ठ्या अजून माझ्याकडे आहेत. अधूनमधून काढून बसते. प्रश्न वाचते, आणि उत्तर येत असलं तरी चिठ्ठी उलटून बघते.