बटणाचे कुणी लिहिलेच नाही

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. तेलवातीचा नव्हे, विजेचा. लाल, पिवळा, हिरवा असे माझे तीन रंग. माझी उमेदीची वर्षे वाळूजच्या एका कारखान्यात, मशीनच्या डोक्यावर बसून गेली. पुढे मशीन मोडीत निघाले आणि त्याच्याबरोबर मीही भंगारात जाऊन पडलो.

तिथून मला बासितभाईंनी उचलले. संभाजीनगरात त्यांचे सॉफ्टवेअरचे छोटे ऑफिस आहे. कारखान्यांच्या शिफ्ट बस रोज कुठून, किती वाजता निघणार, याची यादी त्यांचे सॉफ्टवेअर ड्रायव्हरांना पाठवते. ऑफिसातल्या पाच-सहा जणांचे काम एकत्र जोडून तपासतात, त्याला ते बिल्ड म्हणतात. बासितभाईंनी मला एक पेटी जोडली आणि बिल्डची खबर द्यायला भिंतीवर बसवले. तपासणी चालू असली की पिवळा, पास झाली की हिरवा, नापास झाली की लाल. मी लाल झालो की सगळे डोक्याला हात लावायचे आणि हिरवा झालो की चहा मागवायचे. काय थाट होता माझा!

एक खोड मात्र माझ्यात पहिल्यापासून होती. वीज जाऊन आली की मी आधीचाच रंग दाखवतो. पेटीचे बटण दाबून दोन मिनिटे थांबले की खरा रंग उमटतो. वीज आली की जो जवळ असेल तो बोलता बोलता बटण दाबायचा. शिकवावे लागत नव्हते कुणाला.

यंदा ऑफिसात एआय एजंट आला. तो म्हणजे संगणकातलाच एक कामगार. लिहिलेले वाचतो आणि अगदी तसेच करतो. मला रंग विचारायचा आणि हिरवा असेल तर नवे काम ड्रायव्हरांपर्यंत पाठवायचे, हे त्याच्याकडे आले. त्याच्यासाठी माझी सगळी माहिती लिहून काढायला बसली सुकेशनी.

सुकेशनी पडेगावची, सहा महिन्यांपूर्वी लागलेली. तिची आई दीपमालाबाई वाळूजला ठेक्यावर कामाला होती आणि आमच्याच यादीतल्या बसने जायची. तिला दोनदा उशीर झाला होता. तिसऱ्यांदा झाला तर कामावरून कमी करणार होते. घर त्याच पगारावर चालायचे, म्हणून सुकेशनी रोज फोनवर बजावायची, "आई, धा मिनिटं आधीच थांब्यावर जाय."

मुलीने माझ्याबद्दल चार पाने सुरेख लिहिली. मग विचारले, "बासितभाई, बटणाचं पण लिहू का?"

बासितभाई हसले. "अगं, ते काय लिहायचं? बच्चे-बच्चे को मालूम है. लोक म्हणतील, एवढं पण माहीत नाय का यांना!"

बाकीचेही हसले. ती ओशाळली आणि बटणाचे तेवढे सोडून दिले.

त्याच आठवड्यात शुक्रवारी दुपारी वीज गेली. संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिले, मी मात्र विझलो. तेवढ्यात नव्या कामाची तपासणी नापास झाली. लाल व्हायचा हुकूम आला, तेव्हा मी अंधारात होतो. वीज आली आणि मी गुरुवारचा हिरवा होऊन पेटलो. आता एजंट बघतो म्हणून कुणी बटणाकडे फिरकलेही नाही. सुकेशनीने दोनदा वर पाहिले आणि मान खाली घातली.

एजंटाने मला रंग विचारला. त्याच्या पानावर बटणाचा हुकूम लिहिलेला असता, तर त्याने तो तारेवरून नक्की दिला असता. मला ओरडावेसे वाटत होते, पण माझ्यापाशी रंगाखेरीज काय आहे? मी हिरवा म्हणालो. त्याने काम पाठवून दिले.

शनिवारी नऊच्या सुमाराला दीपमालाबाई ऑफिसच्या दारात उभी राहिली. हातात न उघडलेला डबा होता.

"बस आलीच नाय गं. साडेपाचपासून हुबी व्हते. रिक्षानं गेले, तवर पाऊण तास उशीर. गेटवरूनच माघारी लावलं. येऊ नको म्हणले आता."

नापास झालेल्या त्या कामामुळे ड्रायव्हरांच्या यादीतून पडेगावचा थांबाच गळाला होता. सुकेशनीचा चेहरा पांढराफटक पडला. बासितभाईंनी उठून आपली खुर्ची पुढे केली. दीपमालाबाईने माझ्याकडे पाहून विचारले, "ह्योच का तुहा दिवा? हिरवा हाय म्हंजी सगळं ठीक हाय ना?"

मी तेव्हाही हिरवाच होतो. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

आता बटणाचे ते वाक्य पानावर सगळ्यात वर आहे, बासितभाईंनी स्वतः लिहिलेले. एजंट ते एकदाही चुकवत नाही. बासितभाई तिच्या कारखान्यात जाऊन हात जोडून आले, पण दीपमालाबाईच्या जागी सोमवारीच दुसरी बाई लागली होती.

मित्रांनो, जे सगळ्यांना पाठ असते तेच लिहायचे राहून जाते, आणि नव्याला नेमके तेवढेच माहीत नसते. म्हणून एखादी नवी मुलगी बिचकत "हे लिहू का?" असे विचारेल, तेव्हा तिला हसू नका. तिला लिहू द्या. तिची आई कुठल्या थांब्यावर उभी आहे, ते तुम्हाला ठाऊक नसते. मला ठाऊक होते, आणि मी हिरवा जळत राहिलो.